चिमूटभर साबण पोटात घेऊन

मी औषधाची रिकामी बाटली बोलतेय. अंगठ्याएवढी, काचेची, लेबल अर्धं सोललेलं. पण भंगार म्हणू नका हं, राग येतो मला.

कारखान्यात माझ्या पोटात पांढरी भुकटी भरली होती. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं औषध ते. एका आजोबांच्या कामी आलं आणि मी रिकामी झाले. कचऱ्यात जाणार, तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी मला उचललं. "राहू दे हिला. मुली शिकतील हिच्यावर." ते उपकार मी कशी विसरेन?

मोठ्या सिस्टर नव्या नर्सना शिकवतात. या औषधात पाणी घातलं की बाटली हळूहळू गोल फिरवायची. खळखळा हलवली की फेस होतो आणि मग तो बसेपर्यंत ताटकळायचं. म्हणून सिस्टर माझ्यात चिमूटभर साबणाची पावडर टाकतात. कुणी हलवलं की लगेच उघडं पडतं.

त्यांच्यात एक घाईघाईची नर्स होती. सगळ्या तिला वादळ म्हणायच्या. तिने मला धरलं की फेस थेट बुचापर्यंत.

"कपडे धुवायचेत का गं?" सिस्टर विचारायच्या. सगळ्या हसायच्या. तीही हसायची, पण डोळे भरलेले असायचे. सिस्टर मला विसळून पुन्हा पावडर घालायच्या. "घाई पायात ठेव, हातात नको. चल, पुन्हा."

एका दुपारी सिस्टरांचे यजमान डबा द्यायला आले आणि बाकावर बसूनच राहिले. घामाने शर्ट चिकटलेला. "गॅस झालाय गं जरा, बाकी काही नाही."

सिस्टरांनी एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्ट्रेचर मागवलं. कार्डिओग्राम निघाला. या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, कुठे रक्तस्राव, ऑपरेशन, डोक्याला मार? काही नव्हतं. "गुठळीचं औषध तयार करा," ते म्हणाले.

मी सिस्टरांच्या खिशात होते. खरी बाटली त्यांनीच उचलली, पाणी सोडलं. आणि मला तो आवाज ऐकू आला. खळखळ! माझ्या सिस्टर, आणि बाटली हलवत होत्या. मला तोंड असतं तर ओरडलेच असते.

"सिस्टर, द्या इकडे," वादळ म्हणाली. "तुम्ही काकांजवळ बसा."

मग आवाजच नाही. फेस बसेपर्यंत ती पोरगी थांबली. काका कण्हत होते, तरी थांबली. मग हळूच बाटली फिरवली. सिस्टरांनी खिशात हात घालून मला मुठीत धरलं. तळहात ओलाचिंब होता त्यांचा.

औषध शिरेतून गेलं आणि संध्याकाळी दुखणं उतरलं. वादळ तिथेच. कधी रक्तदाब बघ, कधी हिरड्यांतून रक्त येतंय का बघ, कधी नाव विचार.

"कितीदा नाव विचारशील? स्थळ बघतेयस का माझ्यासाठी?" काका म्हणाले.

"बोलत राहा काका. तुमची जीभ नीट चालतेय ना, तेच बघायचंय."

"ती चालतेच," सिस्टर म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे रडल्या.

पुढच्या वर्गात त्यांनी मला स्वतः उचललं. "आज आधी माझी पाळी. त्या दिवशी मी चुकले," असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि मला सावकाश फिरवलं. वादळ वाकून बघत होती.

"फेस नाही, सिस्टर."

आता माझ्या काचेवर ओरखडे आहेत, बूच सैल झालंय. एकच सांगणं आहे तुम्हाला. छातीत दुखलं, घाम फुटला, तर गॅस म्हणत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. माझं म्हणाल, तर मी सुखात आहे. काका अजूनही डबा घेऊन येतात. झाकण उघडल्याचा आवाज खिशात मला ऐकू येतो.