रानद्राक्षाच्या सालीवरचे यीस्ट

मित्रांनो, मी एक जुने रानटी यीस्ट आहे. दक्षिण अमेरिकेतल्या नापो नदीकाठच्या जंगलात, म्हाताऱ्या झोइलाच्या चुलीमागे जे रानद्राक्षाचे झाड आहे, त्याच्या फळांवर मी राहते. मी डोळ्यांना दिसत नाही, पण म्हणून मला कमी लेखू नका. गोड दिसले की कामाला लागायचे, एवढेच मला ठाऊक. माझे वय मात्र विचारू नका. माझ्या अंगाला कळी फुटते, ती सुटी होते आणि तीही मीच असते. मग वाढदिवस कोणाचा करणार?

गांधीलमाशीच्या पायाला चिकटून मी फळाफळांवर हिंडले. पोपटाने एखाद्या फळाला चोच मारली की आमची चंगळ असे. माझी काही भावंडे मात्र मोठ्या हुद्द्यावर होती. ती झोइलाच्या लाकडी काठवटीच्या चिरांत राहत. झोइला चोंटा नावाच्या ताडाची लाल फळे उकडून त्या काठवटीत कुटायची, काही घास चावून त्यातच परत टाकायची आणि चिचा हे पेय भांड्यात आंबायला ठेवायची. नाक मुरडू नका, त्या चावण्यानेच पिठूळ फळात साखर उतरते. पुढचे काम भावंडांचे. लोक म्हणत, झोइलाच्या हाताला चव आहे. आम्हाला कोण विचारतो!

त्या वर्षी झोइलाचा खांदा धरला. तिने काठवट नव्या सुनेच्या, नेल्वाच्या हाती दिली. मुलाच्या नव्या घराचे छप्पर शाकारायचे होते. आमच्याकडे त्यासाठी सगळा शेजार येतो आणि घरची बाई आपण केलेली चिचा प्रत्येकाच्या हाती देते. चिचा नसेल तर कोणी भांडत नाही, नुसते घरी निघून जातात. पावसाला इथे सुट्टी नसते, आणि छपराशिवाय नेल्वाचा संसार उघड्यावरच राहिला असता.

शहरात वाढलेल्या नेल्वाने अगदी मनापासून काम केले. काठवट साबणाने घासली, उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात कडकडीत वाळवली. माझी भावंडे तिथेच संपली. मला फार वाईट वाटले, पण तिचा राग आला नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मग तिने फळे कुटून, चावून भांड्यात आंबायला ठेवली आणि वर पान झाकले. दुसऱ्या दिवशी तिने ते पान उचलले. एक बुडबुडा नाही.

"काठवट अशी घासलीस की तोंड दिसेल त्यात," झोइला म्हणाली. "चिचा मात्र दिसायची नाही."

"परवा माणसं येणार," नेल्वाचा नवरा रोमुलो म्हणाला. "त्यांना काय सांगू, पाणी प्या आणि छपरावर चढा? शेजारच्या बाल्बिनाकडून वाडगाभर चिचा आण आणि घाल विरजणाला."

"नको. मग ती बाल्बिनाची चिचा झाली," नेल्वा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

झोइलाने चुलीमागच्या झाडाकडे बोट केले. "काठवट नवी होती तेव्हा माझ्या आईनं विरजण कुणाकडे मागितलं असेल गं? जा, त्या झाडाखाली चिलटं कुठं घोंगावतायत बघ. तिथली फळं आण."

"फुटलीयत ती, आई. घाण आहेत. धुऊन घेते."

"धुतलीस तर त्यांच्यावरचं विरजणही जाईल. मग तुझी तू बस चावत."

नेल्वाने फुटकी फळे तशीच उचलली. त्यांतल्या एकावर मी होते. तिने मला काठवटीत कुस्करून भांड्यात ओतले आणि वर पान झाकले. एवढी साखर मी जन्मात पाहिली नव्हती. मी वाढत गेले, खात गेले. दुसऱ्या दिवशी पान आपोआप हलू लागले. हे मला जमेल की नाही, अशी शंका मला एकदाही आली नाही. नेल्वा मात्र येता-जाता भांड्याला कान लावत होती.

माणसे जमली. नेल्वाने पहिला वाडगा सासूला दिला. झोइलाने घोट घेतला, तोंडात घोळवला.

"माझ्यासारखी नाही झाली," ती म्हणाली.

नेल्वाने वाडगा परत घ्यायला हात पुढे केला.

"तुझ्यासारखी झालीय. आता उभी काय राहिलीस? लोक तहानलेत, वाढ त्यांना."

मित्रांनो, स्वच्छ जरूर राहा, हातही धुवा. पण जंगलात गळून फुटलेले फळ दिसले की कचरा म्हणून लाथाडू नका. त्यावर कोणीतरी राहते. त्या संध्याकाळी पाऊस आला, तेव्हा नेल्वा आपल्या छपराखाली रिकामी काठवट धूत बसली होती. नुसत्या गार पाण्याने. चिरांतली मी तशीच राहिले.