संपर्कासाठी दुसरा नंबर

आयली हापालाच्या कानाला हेडफोन होता आणि त्यात घंटी वाजत होती. त्याच वेळी तिच्या पर्समधला मोबाइलही वाजायला लागला.

"चाहता दिसतोय कुणीतरी," शेजारच्या टेबलावरून लॉर्ना म्हणाली. "सोडायला तयार नाही."

आयलीने मोबाइल बंद करायला हात घातला. पडद्यावर तिच्याच ऑफिसचा नंबर होता.

राज्य विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात तिचं हे अकरावं वर्ष. गेल्या मे महिन्यात पदवी घेतलेल्यांना दर एप्रिलमध्ये फोन करून विचारायचं: एक फेब्रुवारीला तुम्ही काय काम करत होता आणि पगार किती होता? त्यातून कोष्टक तयार होई, कुठल्या पदवीला बाजारात काय भाव आहे ते सांगणारं. आमदार ते वाचत, आईबाप वाचत. नंबर यंत्र लावी. पहिला बंद असला तर ते आपोआप दुसरा लावी. 'तुमचा ठावठिकाणा कायम ठाऊक असेल अशी व्यक्ती' या रकान्यातला. आणि पदवीधराचं नाव संगणकाच्या पडद्यावर उमटायला दोन-तीन सेकंद लागत.

तेवढ्यात नाव उमटलं.

हापाला, रेइनो. उत्तरेकडचा कॅम्पस. बी. एस., भौतिकशास्त्र. पहिला नंबर बंद. दुसरा नंबर: मुलगी.

पहिला नंबर तिला लहानपणापासून पाठ होता. मागच्या मंगळवारी तिनेच तो बंद करून घेतला होता. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. दारातला बर्फ उपसता उपसता गेले. एकाहत्तराव्या वर्षी. त्यांच्या टेबलावरचे कागद तिने खोक्यात भरून आणले होते आणि ते खोकं अजून गाडीच्या डिकीतच होतं.

"लॉर्ना, जरा इकडे ये."

लॉर्नाने वाकून वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "नावासारखं नाव असेल कुणाचं तरी."

"माझ्या नंबरासकट?"

बाबांनी पंचेचाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवला. शाळा सुटली आणि दुसऱ्या सोमवारी खाणीत. सात वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात, स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता ते म्हणाले होते, "आयली, मी भौतिकशास्त्र शिकायला गेलो तर गं?" ती त्याच आठवड्यात कोष्टक संपवून आली होती. "बाबा, तुमच्या वयाला त्या पदवीची किंमत शून्य. कमवायला वर्षं उरायला हवीत ना!" ते हसले. "शून्य म्हणजे अगदी शून्यच का?" एवढं विचारून त्यांनी वेलदोडा घातलेला, वेणीच्या आकाराचा गोड पाव तिच्यापुढे सरकवला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. थट्टा होती, असंच ती समजून चालली होती.

तिने यंत्र बाजूला ठेवलं आणि कॅम्पसवरच्या भौतिकशास्त्र विभागाला स्वतः फोन लावला. तिथल्या कारकून ओडेगार्डबाईंनी उचलला.

"मुख्य कार्यालयातून बोलतेय. रेइनो हापाला नावाचा विद्यार्थी—"

"विद्यार्थी!" बाई मोठ्याने हसल्या आणि लगेच थांबल्या. "गेला हो तो. मागच्या महिन्यात. तुम्हाला कळवलं नाही वाटतं कुणी?"

"मी त्यांची मुलगी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तू आयली? कोष्टकवाली?"

"त्यांनी खरंच पदवी घेतली?"

"म्हणजे? तुला ठाऊकच नाही?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं पोरी, सहा वर्षं येत होता तो. मंगळवार-गुरुवार, चाळीस मैल गाडी हाकत. वयाच्या बासष्टीपुढे फी माफ असते ना. दोनदा नापास झाला गणितात. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा सगळ्या विभागाला सुकवलेला मासा घेऊन आला. वास जाईना दोन दिवस."

मंगळवारी आणि गुरुवारी बाबा फोन घेत नसत. सौना, वाफेच्या आंघोळीची खोली, तापवत होतो, म्हणत. आयलीला वाटे, म्हातारपणी माणूस हळू होतो.

"आणि मग शाळेत लागला," बाई म्हणाल्या.

"कुठल्या शाळेत?"

"इथल्याच, आमच्या गावच्या. चार वर्षं भौतिकशास्त्राला शिक्षक मिळत नव्हता. राज्याने तात्पुरता परवाना दिला. सप्टेंबरपासून शिकवत होता. सेहेचाळीस हजार डॉलर वर्षाला. त्याच्या वर्गातली पोरं आली होती की अंत्यविधीला चर्चमध्ये, तू पाहिलं असशील."

तिने पाहिलं होतं. मागच्या चार बाकांवर पंधरा-सोळा वर्षांची मुलं, कपडे नीट, हात मांडीवर. पाद्र्याने कॉफी वाढायला आणली असतील, असं समजून ती एकाला म्हणाली होती, "बाळ, कप तिकडे ठेव." त्याने मुकाट्याने ठेवले होते.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी विचारलं होतं. तर म्हणाला, पोरीपुढे नुसता कागद ठेवून भागत नाही, ती आकडा मागते. जूनमध्ये वर्षाचा पगार पुरा हातात आला की सांगतो. पदवीच्या दिवशी मात्र तुला बोलावलं होतं म्हणाला. केक दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायला लावला मला."

गेल्या मे महिन्यातला तो शनिवार तिला आठवला, बाबांचा फोन. 'गावात काहीतरी आहे, येतेस का? केकही आहे.' आणि तिने म्हटलं होतं, बाबा, कोष्टक छापायला जातंय, पुढच्या महिन्यात येते.

तिने फोन ठेवला. समोर नोंद उघडीच होती. खाली दोन बटणं: 'पुढे चला' आणि 'मृत, यादीतून वगळा'. ती दुसऱ्या बटणाकडे बघत बसली.

लॉर्नाने तिच्या हातातून माऊस काढून घेतला. "वगळायचं कशाला? नियम एक फेब्रुवारीचा आहे. एक फेब्रुवारीला होते ना ते?"

"होते. शिकवत होते."

"मग यादीत आहेत. आणि स्वतःच्या माणसाची मुलाखत स्वतः घ्यायची नाही, हाही नियमच आहे. तू फोन उचल. मी विचारते."

लॉर्ना आपल्या जागेवर गेली. मोबाइल वाजला. आयलीने उचलला. मध्ये पाच फुटांचं अंतर होतं आणि लॉर्नाचा आवाज दोन्हीकडून येत होता.

"पदवीधराच्या वतीने आपण उत्तर देणार का?"

"हो."

"एक फेब्रुवारीला नोकरी?"

"शिक्षक. भौतिकशास्त्र."

"पगार?"

"सेहेचाळीस हजार."

लॉर्नाने टाइप केलं. "भौतिकशास्त्राच्या बाकी पाचही जणांचा पगार सत्तर हजारांच्या वर आहे. तुझा बाप सरासरी खाली ओढतोय गं."

आयलीच्या तोंडून हसू फुटलं आणि मग ते तिला थांबवता येईना. लॉर्ना थांबून राहिली, पडद्याकडे बघत.

"शेवटचा प्रश्न. पदवीसाठी जे घातलं ते वसूल झालं का? हो, नाही, माहीत नाही."

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये तिची गाडी दिसत होती, डिकीत बाबांच्या कागदांचं खोकं.

"हो. पण मला ते उशिरा कळलं, हे लिहायला जागा आहे?"

लॉर्नाने फॉर्म खालपर्यंत नेऊन पाहिला. "नाही."

"मग नुसतं हो लिही."