बॅजरची पाठ

हार्लन गावातल्या दाणावैरणीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ओपल हॅस्केटने बावीस वर्षं खोगिराखाली घालायच्या गाद्या विकल्या. खरं सांगायचं तर पुष्कळदा विकल्या नाहीत. शंभर मैलांवरून गाडी हाकत कुणी आला आणि निळ्या नक्षीची गादी मागू लागला, की ओपल आधी विचारायची, "घोडा कुठाय?" घोडा आणलेला नसला तर गिऱ्हाइकाला कॉफी मिळायची, गादी नाही. आणलेला असला तर ती बाहेर जाऊन त्याच्या पाठीवरून सावकाश तळवा फिरवायची. मग गिऱ्हाइकाला खोगीर चढवायला सांगायची, आणि मानेच्या बुडाशी पाठीचा उंचवटा असतो तिथे, खोगिराच्या खाली बोटं सरकवून बघायची. तास-अर्धा तास दौडवून आण म्हणायची. परत आल्यावर खोगीर उतरवून ती घाम बघायची. पाठ सगळीकडे सारखी ओली असली तर ठीक. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका दिसला, म्हणजे तिथे एवढा दाब पडतोय की घामसुद्धा फुटत नाही.

"तुला गादी नको," ती सांगायची. "खोगीर बदल. घट्ट बुटात जाड मोजे घातले तर पाय सुटतो का?"

दुकानाचा मालक यावरून कुरकुरायचा. पण आसपासच्या तीन तालुक्यांत पाठ दुखणाऱ्या घोड्याचं काय करावं असा प्रश्न पडला, की माणसं ओपलचंच नाव घ्यायची.

घरात मात्र तिला कुणी विचारत नव्हतं. घरात म्हणजे तिचा नवरा, रॉईस. मूलबाळ त्यांना नव्हतं.

रॉईसकडे एक खोगीर होतं. तरुणपणी, फास टाकून वासरं पकडायच्या राज्याच्या स्पर्धेत तो पहिला आला होता, तेव्हा बक्षीस मिळालेलं. मागच्या कडेला चांदीची पट्टी, तिच्यावर त्याचं नाव आणि साल. त्या काळातले त्याचे घोडे अंगाने किडकिडीत, उंच पाठीचे. खोगीरही तसंच अरुंद. पुढे घोडे बदलले, खोगीर बदललं नाही. दर रविवारी तो त्याला तेल लावायचा आणि त्या वेळी त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

बॅजर हा घोडा ओपलचा. कागदोपत्री नव्हे, कारण कागदावर सगळं रॉईसच्याच नावावर होतं. पण तिच्या घोडीने त्याला जन्म दिला आणि अकराव्या दिवशी ती पोटशूळाने मेली, तेव्हा ओपलनेच बकरीचं दूध बाटलीत भरून त्याला दिवसातून आठ वेळा पाजलं. तो तिच्या मागे मागे स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत यायचा. वाढला तसा बुटका, रुंद, आणि पाठ अशी सपाट की तिच्यावर जेवणाची ताटं मांडावीत. तिने त्याला हळूहळू शिकवलं, स्वतःच्या साध्या, रुंद खोगिरात. पाच वर्षांचा झाला तोवर तो तिच्या नुसत्या गुडघ्याच्या इशाऱ्यावर वळायचा.

त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी रॉईसचा घोडा लंगडा झाला.

"बॅजरला मी घेतो," तो नाश्त्याच्या टेबलावर म्हणाला. "तू दिवसभर दुकानात असतेस. तो नुसता उभा राहून लठ्ठ होतोय."

ओपलने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं तर त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, हे तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं. तिने अंडी उलटली आणि विचारलं, "खोगीर कुठलं घालणार?"

"माझं. दुसरं कुठलं?"

संध्याकाळी अंगणात त्याने बॅजरवर ते खोगीर चढवलं. शेजारचा व्हर्जिल कुंपणाला टेकून उभा होता. खोगीर बसलं म्हणजे काय, रुंद पाठीवर वर चढून राहिलं, पुढच्या बाजूने दोन्हीकडून चिमट्यासारखं धरून. ओपलने बोटं सारून बघितली. बोटाचं पेरसुद्धा आत जाईना.

"हे त्याला होत नाही, रॉईस. खूप अरुंद आहे."

"मग जाड गादी आण. तुझ्या दुकानात ढीग आहे."

"जाड गादीने आणखी घट्ट होईल. त्याला खोगीरच—"

"ऐकलंस, व्हर्जिल?" रॉईस हसत म्हणाला. "हे खोगीर मी जिंकून आणलंय, आणि त्याच्याखालच्या चिंध्या विकणाऱ्या बाईसाहेब मला शिकवतायत घोड्यावर कसं बसायचं ते."

व्हर्जिलने बुटाकडे बघितलं. पण हसला तोही.

दुसऱ्या दिवशी ओपलने दुकानातली सर्वात जाड गादी घरी नेली. वर दाबलेल्या लोकरीचा नमदा, आत दोन बोटं फोम, बाजूंना कातड्याची पट्टी. ती तिने स्वतः फळीवरून काढली. कुणी अनोळखी गिऱ्हाईक असतं आणि हेच खोगीर, हाच घोडा घेऊन आलं असतं, तर तिने त्याला दारातून परत पाठवलं असतं, मालक कितीही ओरडला तरी. नवऱ्याशी आठवडाभर अबोला कोण सोसणार, एवढाच विचार तिच्या मनात होता. गादी तिने खुंटीवर टांगली आणि आत जाऊन भांडी घासली.

पंधरा दिवसांनी तिला ते कोरडे ठिपके दिसले. रॉईस खोगीर काढून पाणी प्यायला गेला होता. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे, वाळलेल्या गवतासारखे कोरडे, आणि भोवती सगळी पाठ घामाने काळी. तिने नुसतं बोट टेकवलं, तर बॅजरची कातडी थरथरत मागे पळाली.

तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, सवय होईल. तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, तुझं बोलणं म्हणजे घोड्याच्या कानात माशी. नाताळच्या सुमारास तिने त्याच्या नकळत जाड गादी काढली आणि एक पातळ, लोकरीची, मणक्यावर मोकळी राहणारी गादी घातली. तेवढ्यानेही फरक पडला असता. पण दुसऱ्याच दिवशी रॉईसच्या लक्षात आलं.

"माझ्या घोड्याच्या पाठीला हात लावायचा नाही तू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याला आवाज चढवावा लागत नसे.

"तुझ्या घोड्याच्या?"

"मग कुणाच्या?"

जाड गादी परत आली.

पोटाखालचा पट्टा, तंग, आवळताना बॅजर कान मागे टाकू लागला. मग दात दाखवू लागला. फेब्रुवारीत त्याने रॉईसची बाही फाडली, तेव्हा रॉईसने त्याला लगामाने तोंडावर मारलं आणि म्हणाला, बाटलीवर वाढवलेली जनावरं अशीच माजतात. ओपल खिडकीत उभी होती. हातातलं पीठ झाडून ती दारापर्यंत गेली, आणि दारातच थांबली.

मे महिन्यात वासरांना डाग द्यायला सगळं खोरं जमलं होतं. वीसेक घोडेस्वार, बायका जेवणाच्या टेबलांपाशी, धूर, हंबरणं. रॉईसने पहिलाच फास टाकला, दोर खोगिराच्या मुठीला गुंडाळला, वासराने हिसका दिला, आणि तो सगळा भार बॅजरच्या त्या दोन जागांवर आला. बॅजर जागच्या जागी फुटल्यासारखा उडाला. तीन उड्या. तिसऱ्या उडीला रॉईस कुंपणाच्या खांबावर आपटला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं.

सगळे रॉईसकडे धावले, ओपलही धावली. त्याचं डोकं मांडीवर घेताना तिने पाहिलं, की बॅजर पलीकडे चारही पायांवर थरथरत उभा आहे आणि मान वळवून स्वतःच्याच पाठीला चावतो आहे.

रॉईस दवाखान्यातून घरी आला तो सहा आठवडे खाटेवर. पहिल्याच गुरुवारी, ती दुकानात असताना, त्याने फोन करून गुरांच्या बाजारातून गाडी बोलावली. ओपलला ते व्हर्जिलकडून कळलं. तो गुरांना चाटायला ठेवायचे मिठाचे ठोकळे घ्यायला आला होता.

"बरं केलं बाई, काढून टाकलात त्याला," तो म्हणाला. "माणूसमार घोडा तो."

ती तशीच एप्रनवर निघाली. साठ मैल गाडी हाकून बाजारात पोचली तेव्हा रिकाम्या कोंडवाड्यांमध्ये एक माणूस नळीने जमीन धूत होता. पिंगट, रुंद घोडा? हो, गेला. कुणी नेला? दलालाने, आणखी नऊ-दहा घोड्यांबरोबर. कुठे नेतात ते? माणसाने तिच्या एप्रनकडे पाहिलं. "ते तुम्ही न विचारलेलंच बरं, ताई," तो म्हणाला.

घरी आल्यावर तिने रॉईसला सूप गरम करून दिलं.

"बोलत का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय बोलू?"

"त्याने मला मारलंच असतं."

"हो," ती म्हणाली आणि चमचा त्याच्या हातात दिला.

वर्ष गेलं. रॉईस काठी घेऊन, मग काठीशिवाय चालू लागला. गावातल्या खानावळीत सकाळच्या कॉफीला त्या माजोरी घोड्याची गोष्ट तो सांगायचा, आणि दरवेळी उड्यांची संख्या वाढायची.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानात एक बाई आली. मायते एचेवेरी, डोंगराच्या पलीकडे मेंढ्या पाळणाऱ्या, मूळच्या स्पेनकडच्या बास्क कुटुंबातली, चाळिशीची, उन्हाने रापलेली. तिला गादी हवी होती. ओपलने नेहमीप्रमाणे विचारलं, घोडा कुठाय.

"बाहेर गाडीत. गेल्या वर्षी दलालाकडून सोडवला. खाटकाकडे चालला होता. सगळे म्हणाले वेडा आहे. मला तर बाई, तो फक्त भ्यालेला वाटतो."

मायतेने त्याला गाडीतून उतरवलं, तेव्हा ओपलला चेहऱ्याआधी पाठ दिसली. पिंगट अंगावर उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे पांढरेशुभ्र ठिपके. आतलं मांस चेचलं गेलं की तिथे केस पांढरेच उगवतात, आणि ते पुन्हा कधी रंग धरत नाहीत. हे तिने शेकडो लोकांना सांगितलं होतं.

"बॅजर," ती म्हणाली.

घोड्याने कान टवकारले. तिने हात पुढे केला तसा तो दोन पावलं मागे सरला, मान उंच करून, डोळ्यांतलं पांढरं दाखवत. तिच्या हातात काही नव्हतं. तरी तो मागेच सरत राहिला, मायतेच्या खांद्याआड जाईपर्यंत.

"ओळखता याला?" मायतेने विचारलं.

ओपल कामाला लागली. मायतेचं खोगीर रुंद होतं, जुनं, पण सरळ. त्याखाली तिने लोकरीच्या नमद्याची मध्यम जाडीची गादी निवडली, मणक्यावर उघडी, उंचवट्यापाशी वर उचललेली. गादी घातल्यावर ती बोटांनी वर ओढून खोगिराच्या पोकळीत कशी सारायची, ते दाखवलं. पण बॅजर तिला जवळ येऊ देईना, म्हणून ती लांबून सांगत होती आणि मायते करत होती. मायतेने मागच्या मैदानात अर्धा तास त्याला फिरवलं. खोगीर उतरवलं. घाम सगळीकडे सारखा होता, पांढऱ्या केसांवरसुद्धा.

"ज्याने हे केलं ना," मायते त्याची मान थोपटत म्हणाली, "त्याच्या पाठीवर तेच खोगीर आवळून त्याला डोंगर चढवायला हवा."

ओपल हो म्हणून मोकळी होऊ शकली असती.

"खोगीर माझ्या नवऱ्याचं," ती म्हणाली. "खालची गादी मी दिली. इथूनच, त्या वरच्या फळीवरून. याला काय होणार ते मला माहीत होतं. याला मीच बाटलीने वाढवलंय."

मायते रागावली नाही. तसं झालं असतं तर ओपलला सोपं गेलं असतं. मायतेने गादी घेतली, पैसे दिले, घोडा गाडीत चढवला.

"मला वाटलं होतं, तुम्ही इथल्या जाणत्या," एवढंच ती म्हणाली, आणि गेली. त्यानंतर ती दुकानात कधी आली नाही. लगामाच्या एका कडीसाठीसुद्धा ती नव्वद मैल लांब जाते, असं ओपलला कुणीतरी सांगितलं.

ऑगस्टच्या जत्रेत मायते बॅजरवर बसून फास टाकायच्या स्पर्धेत उतरली. रॉईस आणि ओपल फळ्यांच्या बाकावर होते, शेजारी व्हर्जिल. बॅजर वासराच्या मागे वाऱ्यासारखा सुटला, दोर ताणला गेला तसा मागच्या पायांवर बसला, आणि शांत उभा राहिला. टाळ्या पडल्या. मायते दुसरी आली.

"बघितलंस?" रॉईस व्हर्जिलला कोपराने ढोसत म्हणाला. "शिकवलंय कुणी त्याला? माझीच शिकवण ती."

"त्याच्या पाठीवर दोन पांढरे डाग आहेत," ओपल म्हणाली. "ते तेवढे तुझे आहेत. आणि माझे."

व्हर्जिल लिंबाचं सरबत आणायला उठला. घरी जाताना गाडीत रॉईस बोलला नाही, नंतर नऊ दिवस बोलला नाही. आणि गंमत अशी, की ज्या अबोल्याला भिऊन तिने ती गादी घरी नेली होती, तो आता आला तर तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती वेळेवर जेवली, वेळेवर झोपली.

ऑक्टोबरात रॉईसने नवीन घोडा आणला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी. उंच, किडकिडीत, अरुंद पाठीचा काळा घोडा. पाठ बघून नव्हे, रंग आवडला म्हणून घेतलेला. त्याच्यावर ते जुनं खोगीर चढवून तो तासभर फिरून आला आणि अंगणात उतरला.

"ये, बघ," त्याने हाक मारली. "आता काय म्हणतेस?"

ओपल बाहेर आली. खोगीर उतरल्यावर तिने काळ्या पाठीवरून तळवा फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सगळीकडे सारखी ओल. कुठेही कोरडं नाही, कुठे कातडी थरथरली नाही. इतकं नेमकं बसलेलं खोगीर तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"बरोबर बसलंय," ती म्हणाली. पाठीबद्दल तिला खोटं बोलता येत नसे.

"मग? खोगिरात काही खोट नव्हतीच," रॉईस म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

तो लंगडत, शीळ घालत आत गेला. ओपलने बादली भरली, फडकं बुडवलं आणि काळ्या घोड्याच्या पाठीवरचा घाम पुसून काढला.