गाठ सुटली कशी?

रविवारी सकाळी बाइंडरच्या कारखान्यातले कागदाचे गठ्ठे भिंतीकडे सरकायचे आणि मधल्या लांब टेबलाभोवती तीन खुर्च्या लागायच्या. कारखाना म्हणायचं आपलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकीत कागद कापायचं यंत्र, दुसरीत शिवणकाम, आणि दोन्हींत खळीचा आंबूस वास. वरच्या मजल्यावर बाइंडर राहायचा आणि त्याच्या शेजारच्या खोलीत त्याचे नव्वदीचे काका. काकांना जिना उतरणं जमत नसे, ऐकूही कमी येई.

येणारे दोघंच. मास्तर, म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आणि हॅलोबाई. त्यांनी पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिले होते, म्हणून हे नाव. त्यांच्या तोंडावरही सगळे तसंच म्हणत आणि त्या ओ देत. तिघांना वेड एकच: कुणी रचली हे ठाऊक नसलेली जुनी गाणी गोळा करायची आणि त्यांतल्या शब्दांवर भांडायचं. एकदा ‘सांज’ की ‘साज’ यावर त्यांचा अख्खा महिना गेला होता.

त्या रविवारी पुन्हा नावाड्याच्या गाण्यावर गाडी आली. हे गाणं बाइंडरच्या घरातलं. काकांचे पणजोबा नावाडी होते, दोराची नाव चालवायचे. पाणी चढलं की नावेत एकजण बसायचा आणि दुसरा काठावरून दोर कमरेला गुंडाळून नाव ओढून घ्यायचा. एका पुरात पणजोबांची धाकटी बहीण नावेत होती आणि पणजोबा काठावर. दोर अचानक हलका झाला. ओढून घेतला तर अख्खा हातात आला, टोकाला गाठ नव्हती. नाव दोन दिवसांनी खालच्या वळणावर सापडली, बहीण सापडली नाही. गाठ पणजोबांनी स्वतः बांधली होती. पुढे आयुष्यभर ते नदीकाठी बसून एकच गाणं म्हणत राहिले.

बाइंडरनं टेबलावर बोटांनी ठेका धरला.

‘दोर माझा, गाठ माझी, गाठ सुटली कशी?
ओढून बघितली, पक्की होती, सैल झाली कशी?
नाव मिळाली, वल्हं मिळालं, तूच नाहीस कशी?
रोज घालतो हाक तुला मी, ओ येत नाही कशी?’

प्रत्येक ओळीनंतर तो थांबत होता. ओळीएवढाच वेळ, नुसता ठेका. काकांनी शिकवलं होतं तसंच.

“हे थांबणंच मला खटकतं,” हॅलोबाई म्हणाल्या. “कितीदा सांगितलं तुम्हाला. कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकाच बाजूचं ऐकू यावं, तसं वाटतं मला. तिकडचं माणूस बोलतंय, लाइन खराब आहे.”

“अहो, दम घ्यायला जागा आहे ती,” मास्तर म्हणाले. “नाव ओढणारा माणूस. ओढायचं, थांबायचं. साधी गोष्ट.”

“दम घ्यायला एवढा वेळ? तुमच्या वर्गात पोरं झोपत असतील, मास्तर.”

बाइंडर या भांडणात कधी पडत नसे. त्या गाण्यातल्या दुसऱ्या ओळीपाशी त्याचा आवाज नेहमी खाली जायचा. त्याच्या घरात सुतळीची गाठसुद्धा तीनदा ओढून बघत. आजोबा बघायचे, वडील बघायचे, पुस्तक शिवताना तोही बघायचा. ‘आपल्या हातून एकदा सुटली आहे,’ एवढंच कारण सांगितलं जाई. लहानपणी त्याला वाटायचं, ही कालपरवाचीच गोष्ट असावी.

तेवढ्यात दारात सिस्टर उभी दिसली. हॉस्पिटलच्या वॉर्डची जुनी रजिस्टरं तिनं बांधायला टाकली होती आणि ड्युटीवरून घरी जाता जाता ती न्यायला आली होती. बराच वेळ झाला असावा, कारण पिशवी तिनं खाली ठेवली होती.

“हे तुमच्याकडे कसं?” तिनं विचारलं.

“काय?”

“आमच्या सासूबाईंचं अंगाईगीत. पण तुम्ही शब्द भलतेच म्हणताय.”

मास्तर हसले. “चाल तीच असेल. चाली फिरतात हो, सिस्टर. एकाच चालीवर लग्नातलंही गाणं असतं आणि रडायचंही.”

“असेल बाई. पण त्यातही गाठ आहे.”

हॅलोबाईंनी कान टवकारले. “गाठ? काय आहे गाठीचं?”

“ते नाही मला येत. मी रात्रपाळीला असते, मुलाला त्याच झोपवतात. एवढं ठाऊक आहे की गाठ आली की त्या दात खातात आणि मुलगा खिदळतो.”

“सासूबाई कुठल्या?” मास्तरांनी विचारलं.

“नदी समुद्राला मिळते ना, तिथल्या.”

मास्तरांच्या डोक्यातला नकाशा उघडलेला दिसला. नदी तीच होती. पण नावाड्याच्या गावापासून ते मुख म्हणजे पायी आठ-दहा दिवसांचा रस्ता.

पुढच्या रविवारी सिस्टर सासूबाईंना घेऊन आली. लहानखुरी, ताठ बाई. आल्याआल्या त्यांनी कापायच्या यंत्राचं पातं निरखलं, खुर्ची झटकली आणि मगच बसल्या.

“मला गाणंबिणं येत नाही,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “पोर झोपवायचं असतं ते. हिनं उगाच घोळ घातलाय.”

“तेच म्हणा ना, आई,” सिस्टर म्हणाली.

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. “येईना. हातात पोर नसलं की शब्द येत नाहीत.”

नातू घरी, त्याच्या बापाजवळ. आता काय करायचं? बाइंडरनं इकडेतिकडे पाहिलं, मागच्या रविवारी न्यायचं राहून गेलेलं वॉर्डचं सगळ्यांत जाड रजिस्टर उचललं, पुसायच्या स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“वजन बरोबर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “नाक तेवढं नाही.” सगळे हसले. त्यांनी रजिस्टर खांद्याशी धरलं, डोलायला लागल्या आणि गाणं आपोआप आलं. आवाज जाडसर, वापरलेला.

‘सुटली नाही, सुटली नाही, गाठ सोडली मी.
ओली गाठ, घट्ट गाठ, दात लावले मी.’

इथं त्यांनी खरंच रजिस्टराच्या कोपऱ्याशी तोंड नेऊन दात खाल्ले. कुणी हसलं नाही. बाइंडरचे हात टेबलावर होते तिथंच राहिले.

‘पाय मोडला, नदी उतरती, चढून येऊ कशी?
येणाऱ्याला, जाणाऱ्याला सांगत बसले मी.
दोर होता कमरेला रे, बाहेर आलास का?
अंग पुसून, आग शेकून, घरी गेलास का, दादा, घरी गेलास का?’

त्यांनी रजिस्टर हळूच मांडीवर आडवं केलं. झोपलेल्या पोराला ठेवावं तसं.

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

“हा दादा कोण?” शेवटी मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता.

“कोण म्हणजे? मांडीवरचा. पोराला म्हणतोच ना आपण, दादा, राजा.”

“आणि मुलगी असली तर?”

सासूबाई थांबल्या. “मुलगी असली तरी दादाच म्हणायचं. माझ्या तिन्ही मुलींना दादाच म्हटलं मी. माझ्या आईनं मला म्हटलं.” त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “खरंच की. असं का म्हणे?”

हॅलोबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. “बाइंडर, तुमची पहिली ओळ म्हणा,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही, बाई, तो थांबला की तुमची.”

“माझं पोर कुठाय?”

सिस्टरनं रजिस्टर परत त्यांच्या खांद्याशी दिलं.

बाइंडर म्हणाला, ‘दोर माझा, गाठ माझी, गाठ सुटली कशी?’ आणि थांबला. त्या रिकाम्या जागेत, एक मात्रा इकडची तिकडे न होता, सासूबाईंचा आवाज आला, ‘सुटली नाही, सुटली नाही, गाठ सोडली मी.’

‘ओढून बघितली, पक्की होती, सैल झाली कशी?’

‘ओली गाठ, घट्ट गाठ, दात लावले मी.’

पस्तीस वर्षं हॅलोबाईंनी दोन टोकं जोडली होती, पण जोडलेली माणसं जिवंत असायची, निदान त्याच काळातली तरी असायची. इथं एक भाऊ विचारत होता आणि बहीण उत्तर देत होती. दोघांनाही जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात कुणालाच हे ऐकू आलं नव्हतं.

तिसरी ओळ आली, चौथी आली. चौथ्या ओळीची जोडी तितकी नीट बसली नाही, शिवाय सासूबाईंच्या शेवटच्या दोन ओळी एकट्याच उरल्या. बाइंडरच्या ओळी तिथंच संपल्या होत्या.

“कसं शक्य आहे हे?” सिस्टर म्हणाली. “दोघांची भेट झाली नाही, मग गाणी एकात एक बसतात कशी?”

मास्तर उठून उभे राहिले, उगाचच. “हाक,” ते म्हणाले. “अहो, ही हाक आहे! या काठावरचा विचारायचा, त्या काठावरचा उत्तर द्यायचा. नाव सोडू का, सोड. नावाड्यांची हाकेची चाल असणार ही. दोघं भावंडं लहानपणापासून याच चालीवर ओरडत आली असतील. तो तिला त्याच चालीवर विचारत राहिला आणि जागा सोडत राहिला, उत्तरासाठी. ती वाहत जाऊन मुखाशी लागली आणि तिथून त्याच चालीवर उत्तर देत राहिली. आणि मी मूर्ख, म्हणे दम घ्यायची जागा!” ते खाली बसले. “पुरावा काही नाही हं. पुरावा म्हणून मी काही सांगू शकत नाही.”

“पण तिनं गाठ सोडली का?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना नावाड्याची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. बाइंडरनं सांगितली. पूर, नाव, कमरेचा दोर. सांगता सांगता त्याच्याही ध्यानात आलं आणि त्याचा आवाज हळू होत गेला.

“नाव पुरात खेचली जात होती, दोरानं तोही ओढला गेला असता,” तो म्हणाला. “कमरेचा दोर त्याला वेळेवर सोडवता आला नसता. म्हणून तिनं तिच्या बाजूची गाठ सोडली. हातांनी सुटेना, इतकी पक्की होती, म्हणून दातांनी.”

“पक्की होती,” हॅलोबाई म्हणाल्या. “ऐकलंत ना? गाठ पक्की होती.”

बाइंडरनं मान हलवली. कुणी गार पाणी मारावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

सासूबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकल्या होत्या. त्या पुढे झुकल्या. “मग तो घरी गेला का? दादा? आमच्याकडे गाणं तिथंच संपतं. लहानपणी मी आईला विचारायचे, गेला का गं घरी? ती म्हणायची, झोप आता.”

“गेला, आजी,” बाइंडर म्हणाला. “बाहेर आला, घरी गेला, लग्न केलं, म्हातारा झाला. मी त्याच्याच घरातला.”

सासूबाईंनी हनुवटी हलवली, एकदा, दोनदा. मग कापडाच्या टोकानं डोळे टिपले आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, “गेला गं घरी.”

काकांना सांगायलाच हवं होतं. सगळे जिना चढले, सासूबाई सगळ्यांत पुढे. काका खिडकीशी पलंगावर बसले होते. बाइंडरनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश, एकेक वाक्य करून सगळं सांगितलं. ‘गाठ सोडली’ हे त्याला तीनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा काकांना ‘सुटली’ ऐकू आलं, दुसऱ्यांदाही. आयुष्यभर तेच ऐकलं होतं त्यांनी.

“सोडली?” ते म्हणाले. “तिनं?”

“तिनं. दातांनी.”

खिडकीच्या गजावर काकांची बोटं आली, गेली. आता ते रडणार, असं सिस्टरला वाटलं आणि तिनं सवयीनं त्यांच्या मनगटाशी हात नेला. पण काका रडले नाहीत. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, अगदी नेहमीच्या, घरच्या आवाजात विचारलं, “मुलं किती झाली तिला?”

जणू गेल्या वर्षी सासरी गेलेल्या पोरीबद्दल विचारत होते.

“गाण्यात पाच आहेत,” सासूबाई पलंगाच्या कडेवर बसत ओरडून म्हणाल्या. “ते वेगळं कडवं आहे, पोर झोपलं नाही तरच म्हणायचं. तीन मुली, दोन मुलगे. थोरली पोहण्यात पटाईत. धाकट्याला पाण्याची भीती.”

“असणारच,” काका म्हणाले. त्यांनी बोटांवर पाच मोजले. “आणि तू तिची कोण?”

“ते ठाऊक नाही बाई. आमच्याकडे सगळ्याच बाया हे म्हणतात.”

“काहीतरी असशीलच की. मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. माझ्या पणजोबांची बहीण, तिची मुलगी, तिची मुलगी... ही मला कोण लागते? आत्तेबहीण की भाची?”

मास्तरांनी कागद मागितला. बाइंडर खाली जाऊन कोऱ्या कागदाचा अख्खा ताव घेऊन आला. मास्तर रेघा ओढू लागले, हॅलोबाई चुका काढू लागल्या, आणि सासूबाई काकांच्या बऱ्या कानाशी सरकून ते पाच मुलांचं कडवं पहिल्यापासून म्हणू लागल्या.