तरंगिणीच्या लग्नाचा मांडव

शनिवारी सकाळी मी अंगणात दात घासत उभी होते, तेवढ्यात आमच्या फाटकाशी ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत बांबू, जांभळाच्या हिरव्या फांद्या आणि गावातली आठ-दहा माणसं. सगळ्यांची तोंडं फुगलेली.

"मुखरू, तुह्या घरी लगन अन् आमाले आवतन नाई?" धनराजभाऊ खाली उतरत म्हणाले. "तरी आलो आमी. तू इसरला, आमी नाई इसरलो."

आमच्याकडे लग्नाचा मांडव शेजारी घालतात. त्यांना बोलवावं लागत नाही, ते आदल्या दिवशी आपणहून जंगलातून फांद्या घेऊन येतात. बाबा म्हशीला चारा टाकत होते. त्यांनी हातातली पेंढी तशीच धरून विचारलं, "कोनाचं लगन?"

"आता घ्या! बापच इचारते कोनाचं लगन!" धनराजभाऊंनी खिशातून मोबाईल काढून बाबांच्या नाकासमोर धरला.

बाबा सातवी शिकलेले. त्यांनी बोट फिरवत एकेक शब्द मोठ्याने वाचला. चि. सौ. कां. तरंगिणी आणि चि. शार्दूल यांचा शुभविवाह. रविवारी, गोरज मुहूर्तावर. वधूपिता, श्री. मुखरू बोरकुटे. विवाहस्थळ, वधूपित्याचे राहते घरी. इथे मी तोंडातला फेस गिळला.

हे काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हीही धनराजभाऊंसारखे फांद्या घेऊन यायला नको.

मी उर्वशी. नागभीडला लच्छूभाऊंच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवते. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नांना मोर, कलश आणि गुलाबी किनार लावायची, हे माझं पोटापाण्याचं काम. माझं खरं आयुष्य मोबाईलवर चालतं. तिथल्या एका ॲपवर 'अकरावा पहारा' नावाची कादंबरी येते, आठवड्याला एक भाग. तरंगिणी तिची नायिका. अनाथ मुलगी, राजाच्या पागेतले घोडे चोरते. शार्दूल हा पहाऱ्याचा नायक, तिला पकडायला नेमलेला. दोन वर्षं झाली, त्याने तिला पकडलं नाही आणि तिने त्याचा नाद सोडला नाही. दोघं मनातलं बोलायला तोंड उघडतात की लेखक एकतर पूर आणतो, नाहीतर लढाई.

या कादंबरीपायी मला दोन मित्र मिळाले. अहेरीची सुकरी आत्राम चित्रं काढते. तिची तरंगिणी पाहिली की लेखकानेच ती सुकरीच्या चित्रावरून लिहिली असं वाटतं. मुलचेऱ्याचा प्रफुल मंडल खताच्या दुकानात बसतो आणि लेखकाने जे केलं नाही ते स्वतः लिहून काढतो. पूर ओसरवतो, लढाई थांबवतो. आम्ही तिघं एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, पण दिवसाची पहिली आणि शेवटची गोष्ट आम्ही एकमेकांशीच बोलायचो. खरं सांगायचं तर मला दुसरं कोणी नव्हतंच. गावातल्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरी मी तरंगिणीचं नाव काढलं की आई म्हणायची, "भाजी पाह्य, लागून राह्यली."

त्या शनिवारच्या आदल्या आठवड्यात लेखकाने शार्दूलला उत्तरेकडे मोहिमेवर धाडलं. प्रफुल इतका चिडला की त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाईकाला युरियाऐवजी दुसरंच पोतं दिलं. त्याची समजूत काढायला मी तरंगिणी-शार्दूलची लग्नपत्रिका बनवली. तारीख टाकली ती रविवारची, कारण त्या दिवशी प्रफुल आणि सुकरी पहिल्यांदा आमच्या घरी येणार होते. वरपक्षाचा रकाना प्रफुलच्या नावाने भरला. वधूपित्याचा रिकामा राहिला. पोरगी अनाथ. आता पत्रिकेत रिकामी जागा मला बघवत नाही, हा धंद्याचा रोग आहे. मी बाबांचं नाव टाकलं, आणि पत्रिका एकदम छान दिसायला लागली.

इतकी छान, की लच्छूभाऊंनी कॉम्प्युटरवर ती पाहिली आणि 'आमच्याकडे आकर्षक पत्रिका मिळतील' म्हणून दुकानाच्या स्टेटसला लावून दिली. पुढचं काम अर्ध्या तालुक्याने केलं.

बाबांनी माणसांना चहा पाजला आणि मला गोठ्यामागे नेलं. "हे तरंगिनी कोन?"

"गोष्टीतली आहे, बाबा."

"कोन्या गोष्टीतली?"

"मोबाईलवरच्या."

बाबा ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. या गावात असा एक मांडव नाही ज्यात बाबांनी भाताचं टोपलं घेऊन पंगत वाढलेली नाही. लोकांच्या लेकींच्या लग्नात ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतात. त्यांच्या दारी मांडव घालायला माणसं धावत आली, ती त्याच मोलाने. आणि आता त्यांना परत जा म्हणायचं होतं.

"माह्या नावाचं हसं केलं तुनं," ते म्हणाले. "मी नाई सांगत कोनाले. तूच जा अन् साऱ्या गावाले सांग का लगन नाई. अन् मंग तो मोबाईल मले आनून दे. बस झाली गोष्ट."

मोबाईल गेला म्हणजे सुकरी गेली, प्रफुल गेला. मला रडू आलं, पण बाबांचा चेहरा पाहून मी ते आवरलं. त्यांचंही चुकत नव्हतं, हाच तर सगळा वैताग.

मी सरळ सोनीबाईकडे गेले. सोनीबाईला सांगितलं की गावात वेगळी दवंडी द्यावी लागत नाही. तिच्या ओसरीवर चार-पाच बाया सुपं घेऊन तांदूळ निवडत होत्या. उद्याच्या पंगतीचे तांदूळ! मी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की लग्न नाही, नवरी नाही, नवरदेव नाही, सगळं गोष्टीतलं.

सुपं थांबली. सोनीबाई म्हणाली, "नवरीच नाई?"

"नाई."

"मंग पत्रिकेत नाव कोनाचं हाय? नीट सांग, पयल्यापासून."

मग मी पहिल्या भागापासून सुरुवात केली. तरंगिणीची आई कशी गेली, पहिला घोडा तिने कसा चोरला, शार्दूलने तिला नदीत पाहून मुद्दाम मशाल कशी विझवली. मशालीला त्या बायांतल्या बुधरीने 'अरे बापा' म्हटलं. पुराच्या वेळी कोणी सुपाला हात लावत नव्हतं. मी इतकं चांगलं कधी बोलले नव्हते, कारण इतका वेळ माझं कोणी ऐकलंच नव्हतं.

"मंग? लगन कवा लागलं?" सोनीबाईने विचारलं.

"नाईच लागलं. लेखकानं त्याले उत्तरेकडे धाडलं."

"काऊन?"

"काय माहीत."

"त्याच्या घरी कोनी माय-बहीन नाई का त्याले सांगाले?" सोनीबाई लालबुंद झाली. "दोन वर्सं झाले पोट्टी थांबून राह्यली! अन् हा इकडे धाडते, तिकडे धाडते!"

"मले काई समजत नाई," बुधरी सावकाश म्हणाली. "पानी नाई आलं तं आपन बेडकाचं लगन लावतो. तो बेडूक काई आपल्या वळखीचा रायते का?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "तुळशीचं लावतो," एक म्हणाली. "बाहुलीचं लावतो," दुसरी. सोनीबाईने सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला. मी गाव थांबवायला गेले होते आणि वाटेत वाढत गेलेलं पंधरा बायांचं वऱ्हाड मागे घेऊन परत आले.

अंगणात मांडव अर्धा उभा झाला होता. सोनीबाईने भर अंगणात बाबांना सगळं सांगितलं, म्हणजे धनराजभाऊंनाही आपोआप कळलं. बांबूवर चढलेली माणसं वरूनच ऐकत होती. बाबांची मान खाली.

"मी तं तिले पाह्यलं बी नाई," बाबा शेवटी म्हणाले. "मी तिचा बाप कसा होऊ?"

"तिले बाप नाई," सोनीबाई म्हणाली. "तुहं नाव लागलं तं लागलं. आता पुसशीन का?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "होऊन जाऊ द्या. उर्वशीच्या वक्ताले घाई होईन, आताच हात बसन."

"माझं कुठून आणलं मध्येच?" मी म्हणाले, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे बाबांकडे बघत होते. बाबा मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी गेले, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धनराज, हा वाकडा हाय. काढ." मग स्वतः सब्बल घेऊन खड्डा खणायला लागले. बाबांचा होकार असाच असतो.

रविवारी दुपारी प्रफुल एका ओळखीच्याची जीप घेऊन आला, सोबत सुकरी. सुकरीने भेटीसाठी म्हणून पुठ्ठ्यावर दोघांची माणसाएवढी चित्रं कापून आणली होती. मांडव, भोंगा आणि चुलीवरचे भाताचे गंज पाहून प्रफुल फाटकातच थबकला. मोबाईलवर ज्याच्याशी मी रोज बोलायचे, तो प्रत्यक्षात माझ्यापेक्षा बुटका निघाला.

"तू शादी करून राह्यली?" तो म्हणाला. "अन् आमाले सिरफ भेटाले बोलावलं?"

"माझी नाही, येड्या! त्यांची!" मी त्याच्या काखेतल्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. सुकरीला लगेच समजलं. तिने तरंगिणीला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, "मंग मी कोनाकडची?" पत्रिकेत वरपक्ष प्रफुलचा होता, म्हणून दोघंही वरपक्ष ठरले. बायांनी त्यांचे पाय धुतले. बाबांनी त्यांना दुपट्टा आणि टोपी दिली. प्रफुल असा चढला की वरपित्याला खुर्ची नाही म्हणून रुसूनही बसला, आणि धनराजभाऊंना त्याची समजूत काढावी लागली.

मग बाबांनी नवरी पाहिली. बराच वेळ पाहिली. "कमरेले चाकू काऊन हाय?"

"ती घोडे चोरते, बाबा."

"राहू दे," बाबा विचार करून म्हणाले. "सासरी कामी येईन."

आईने तरंगिणीच्या पुठ्ठ्याच्या कपाळावर खरं कुंकू लावलं. एका बाजूने मी चित्र धरलं, दुसऱ्या बाजूने सुकरीने. लच्छूभाऊ आपल्या स्टेटसचे प्रताप पाहून ओशाळले होते. त्यांनी भरपाई म्हणून मंगलाष्टकं म्हटली, तीही सगळी सुरात नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा प्रफुलने आम्हाला भेट म्हणून आणलेला शंख पिशवीतून काढून फुंकला आणि मग त्याच्या बंगाली लोकांत लग्नाला बाया काढतात तसा जिभेने लांबलचक आवाज काढला. "माय नाई आली, मनून मीच," तो म्हणाला. सोनीबाईला तो आवाज एवढा आवडला की तिने प्रफुलकडून तो सगळ्या बायांना तिथेच शिकवून घेतला.

पंगती उठल्या, वांग्याचा रस्सा संपला. नागभीडचे जे पाहुणे स्टेटस पाहून आले होते, त्यातल्या एकाने जाताना विचारलंच, "नवरी दिसली नाई कुठी?"

"लाजरी हाय," सोनीबाई म्हणाली.

निघताना प्रफुल दोन्ही चित्रं जीपच्या टपावर दोरीने बांधायला लागला. बाबा भाताचं टोपलं खाली ठेवून पळत आले. "वर नोको बांधू! अंदर बसव." त्यांनी मागच्या सीटवर तरंगिणीला नीट टेकवलं, शेजारी शार्दूलला. मग सुकरीला म्हणाले, "पोरी, पान्यात भिजू नोको देऊ तिले. पुठ्ठा हाय." हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. मी हसणार होते, पण मला जमलं नाही. जीप वळणाआड गेली तरी ते फाटकाशी उभे होते.

अंगणात आल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात केला. "मोबाईल."

मला वाटलं होतं, ते विसरले. मी मोबाईल त्यांच्या हातावर ठेवला आणि आत जायला वळले.

"उभी राह्य," बाबा खाटेवर बसत म्हणाले. "ते गोष्ट याच्यात कुठी हाय? पयल्यापासून लावून दे."

तेव्हापासून मोबाईल जप्तच आहे. संध्याकाळी बाबा वाचतात, आई ऐकते, भाजी लागते. सुकरी आणि प्रफुलशी मी दुपारी लच्छूभाऊंच्या कॉम्प्युटरवर बोलते. गेल्या शुक्रवारी तिथेच नवा भाग वाचला. लेखकाने तरंगिणीला पकडून अंधारकोठडीत टाकलं होतं. खाली वाचकांनी रडारड केली होती, प्रफुलने शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्यांच्या खाली माझ्याच नावावरून, पण मी न लिहिलेला एक मजकूर होता.

'लेखक साहेब, नमस्कार. तरंगिणी ही आमची मुलगी असून तिचे लग्न आमच्या राहत्या घरी झाले आहे. जावई मोहिमेवर आहेत, त्याला आमची हरकत नाही. पण ते येईपर्यंत तिला कोठडीत ठेवू नये, माहेरी पाठवावे. घरी जागा आहे. आपला, मुखरू बोरकुटे.'