काळा चेंडू आणि अंबुबाईचं ‘चालतंय’

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला तारेने लटकणारा मी काळा गोळा म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलं काहीतरी असेल, असं तुम्हाला वाटलं तर मी रागावणार नाही. या घरात सगळ्यांना आधी तसंच वाटलं होतं. पण मी एक जुना टेबल टेनिसचा चेंडू आहे. खोली माणसाच्या अंगाला किती तापलेली लागते, ते सांगणं हे माझं काम. खरं सांगू का, अलीकडे मला या कामाची धास्ती वाटते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माझं बालपण निगडीला, प्राधिकरणातल्या एका क्लबात गेलं. संध्याकाळी टेबलावर नुसती टकटक चालायची. कुणी जोरात फटका मारला की बाकीचे म्हणायचे, “काय मारलास राव!” कौतुक मारणाऱ्याचं, मार मात्र माझ्या वाट्याला. तरी ते दिवस सुखाचे होते. पुढे माझी उसळी कमी झाली, नवे चेंडू आले, आणि मी कपाटाखाली धूळ खात पडलो. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

तिथून मला उचललं तनुजाने. ती घरं कशी बांधावीत याचं शिक्षण घेत होती. तिने मला भोक पाडलं, पोटात तापमान मोजणारी बारीक तार सारली आणि वरून काळा रंग फासला. आधी मला फार वाईट वाटलं. पण मग कळलं, की साधा थर्मामीटर नुसती हवा मोजतो. मला हवेबरोबर तापलेली भिंतही लागते आणि तापलेलं छतही लागतं. मी जे सोसतो ते सगळं तनुजाच्या फोनवर दिसतं.

तनुजा एका मोठ्या संशोधनात काम करत होती. माझ्यासारखे काळे चेंडू त्याच वेळी ब्राझीलमध्ये, इंडोनेशियात, आणखी कुठे कुठे टांगलेले होते. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, की एसी न लावता, थोड्या विजेत माणसं घरात सुखाने राहू शकतील का? त्या विद्वानांचं म्हणणं असं, की माणूस हवेशी जुळवून घेतो. खिडकी उघडतो, पंखा लावतो, पातळ कपडे घालतो, सावलीला सरकतो. म्हणणं काही खोटं नाही. पण खिडकी उघडायची मोकळीक ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुरतं ते खरं आहे.

मला चाकणजवळ निघोज्याला आणलं. कामगारांसाठी बांधलेली ही नव्या पद्धतीची इमारत. जाड भिंती, वाऱ्याच्या दिशेला मोठी खिडकी, छताला ऊन परतवणारा पांढरा रंग. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. ज्योतीराम लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत कामाला. त्याची बायको सुमनताई पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. आणि ज्योतीरामची आई अंबुबाई, गावाकडे एकटी कशी ठेवायची म्हणून इथे आणलेली.

आता गंमत बघा. ज्योतीरामला कायम रात्रपाळी. तो सकाळी येऊन झोपणार, त्याला अंधार हवा. म्हणून त्या मोठ्या खिडकीला त्याने आतून पुठ्ठा ठोकला. घरातला एकुलता एक पंखा त्याच्या डोक्यावर. लेकाची झोप मोडू नये म्हणून अंबुबाई दिवसभर स्वयंपाकघरात, माझ्याखाली, भिंतीला पाठ लावून बसायची. छताचा पांढरा रंग तर ट्रकांच्या धुळीने केव्हाच मातकट झाला होता. मार्च सरला तशी तिच्या पाठीमागची भिंत दुपारी भाकरीच्या तव्यासारखी तापायला लागली.

तनुजा यायची, माझ्याकडे बघायची आणि मग फोन काढून अंबुबाईला विचारायची, “आजी, आत्ता कसं वाटतंय? गार, ठीक, की गरम?”

“चालतंय माय,” अंबुबाई म्हणायची. “तू पानी पी आधी. उन्हाची आलीस.”

तनुजा ‘ठीक’वर बोट ठेवायची. शेजारीपाजारीही तेच. घरी आलेल्या लेकीबाळीपुढे कुणी तक्रार करतं का? सगळी इमारत ‘चालतंय’ म्हणाली आणि सगळ्या इमारतीचं ‘ठीक’ झालं. एकदा तनुजा माझ्याच खाली बसून परदेशातल्या सरांशी बोलत होती. सर खूश झाले होते. एवढ्या उष्म्यातही माणसं समाधानी आहेत, मग पुढच्या इमारतींना खिडक्या आणखी लहान केल्या तरी चालतील, असं काहीतरी ते म्हणाले. ते साफ चुकत होते.

कारण मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी सुमनताई सासूला म्हणाली होती, “आत्या, किती लाल झालाव. ह्यांना उठवते, पंखा इकडं लावू.”

“गप बस,” अंबुबाई म्हणाली. “सोसना म्हणलं की गावाला धाडतेल मला. तिथं कोन हाय माझं? रिकामं घर खायला उठतंय. हितं निदान लेक घोरतेला ऐकू येतो.”

म्हणजे, मित्रांनो, ‘चालतंय’चा अर्थ एवढाच होता, की मला इथेच राहू द्या.

मे महिन्यातला तो गुरुवार. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवशी गेली ती येईचना. ज्योतीराम घामाघूम होऊन, पण थकल्यामुळे मेल्यासारखा झोपला होता. माझ्या पोटातला आकडा चढत होता, आणि मला तोंड नाही. सुमनताई मेसमध्ये होती. माझ्याखाली अंबुबाई आधी पदराने वारा घेत होती, मग तिने तेही थांबवलं. ती कुणाशीतरी बोलायला लागली. समोर कुणीच नव्हतं.

तेवढ्यात तनुजा आली. सवयीने म्हणाली, “आजी, कसं वाटतंय?”

“चाल... तंय.”

तनुजाचं बोट ‘ठीक’वर गेलं आणि तिथेच थबकलं. तिने वर माझ्याकडे पाहिलं, मग अंबुबाईकडे. तनुजा स्वतः घामाने निथळत होती. अंबुबाईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. तनुजाने तिचा हात धरला आणि चटका बसल्यागत सोडला. “दादा, उठा,” ती ओरडली. “आजींचं अंग कोरडं पडलंय.”

ओल्या चादरीत गुंडाळून त्यांनी तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं. उन्हाळ्यात असा घाम थांबणं म्हणजे उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले. अंबुबाई वाचली. तनुजाने तिची आणि सगळ्या इमारतीची उत्तरं बाजूला काढली. ‘चालतंय’ म्हणजे ‘ठीक’ नव्हे, हे तिने त्या सरांना कळवलं. त्या शब्दाचं भाषांतर करताना मात्र तिच्या नाकी नऊ आले. ज्योतीरामने खिडकीचा पुठ्ठा उपटून काढला आणि तिथे कापडी पडदा लावला. मला वाटलं, सुटलो.

पण डॉक्टर म्हणाले होते, आजींना असल्या उकाड्यात ठेवू नका. ज्योतीरामने त्याचा सरळ अर्थ घेतला. पुढचा उन्हाळा यायच्या आत तो आईला गावाला सोडून आला. “तिथं मोकळं वारं हाय,” तो म्हणाला. घरावर पत्रे आहेत, हे तो बोलला नाही. निघताना अंबुबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. लेकाने विचारलं, “माय, राहशील ना तिथं?” ती म्हणाली, “चालतंय.”

आज पुन्हा उन्हाळ्यातला गुरुवार आहे. लाईट गेलेली आहे. तनुजा आली आहे, आणि ज्योतीरामने गावाकडे फोन लावलाय.

“माय, लई गरम होतंय का?”

“चालतंय बाबा.”

ज्योतीरामला बरं वाटलं. तो फोन ठेवणार तोच तनुजा पुढे झाली. “आजी, मी तनुजा. मला एवढंच सांगा, घाम येतोय का?”

 पलीकडून अंबुबाईचा आवाज आला, जड आणि लांबून.

“न्हाई माय. सकाळपासून घामच येईना गेलाय.”

ज्योतीरामचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने गावातल्या शेजारी किसनला फोन लावला. “किसन, पळ. आमच्या घरी जा. मायला सावलीला घे, पानी वत अंगावर.” आणि तो पायांत चपला सरकवत दाराशी उभा राहिला.

मित्रांनो, मी एक चेंडू. मला विचारलंत तर आकडा सांगेन, त्याहून जास्त काही मला येत नाही. पण तुमच्या घरात कुणी भिंतीला टेकून ‘चालतंय’ म्हणत असेल, तर त्यावर विसंबू नका. जवळ जा, हात हातात घ्या, कपाळ ओलं आहे का बघा. खिडकी तुम्ही उघडा, पंखा तुम्ही तिकडे वळवा. ते माणूस स्वतःहून मागणार नाही.

गावाकडच्या त्या पत्र्याखाली माझ्यासारखा कुणी टांगलेला नाही. इथे माझा आकडा चढतो आहे. किसनचा फोन अजून आलेला नाही.