दीड तास मागे

मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. मित्रांनो, वाशीमच्या बाजारातून लतीफाबाईंनी मला घरी आणलं, तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! शेजारीपाजारी मला विचारल्याशिवाय दुकान उघडत नसत.

मग त्यांचा तौकीर नोकरीसाठी शारजाला गेला. त्याच दिवशी लतीफाबाई स्टुलावर चढल्या आणि माझे काटे दीड तास मागे सरकवले, कारण तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तेवढं मागे चालतं. "आता हे माह्या पोराचं घड्याळ," त्या म्हणाल्या. आलेगेलेले हसायचे. "घड्याळ मागं पडलं, सेल बदला." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लतीफाबाई मात्र कुणाला काही समजावत बसत नसत.

पोरगा लांब गेला असं कुणी म्हटलं, की त्या उसळून म्हणत, "अडीच हजार किलोमीटर तं हाय! साडेतीन तासात इमान नागपूरले येते, तिथून चार तास गाडी. हाक मारली का आला."

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे लतीफाबाई गेल्या. तौकीरचा फोन आला, "मामू, सहाचं इमान भेटलं. मी आल्याबिगर अम्मीले नेऊ नका."

त्याचे मामा निजामुद्दीन डोळे पुसत बोटं मोजू लागले. "सहा अन् साडेतीन, साडेनऊ. तास विमानतळावर, चार तास रस्ता. अडीचले पोरगा दारात."

तौकीरचे सहा म्हणजे आपले साडेसात, पण तो दीड तास कुणालाच आठवला नाही. ते गणित घरात एकट्या लतीफाबाईंना येत होतं, आणि त्या पांढऱ्या चादरीखाली निजल्या होत्या. मी समोरच होतो. पण मला टिकटिकीखेरीज बोलता कुठं येतं!

मयत ताटकळत ठेवायची नाही, हा रिवाज. मशिदीतून पुकारलं गेलं, जनाजा अडीचला. अडीच वाजले, तौकीरचा पत्ता नाही. त्याच्या फोनात इथलं सिम नव्हतं, त्यामुळे फोनही लागेना. तीन वाजले. ऊन मी म्हणत होतं, आसेगावहून आलेले पाहुणे अंगणात उभे होते. "आता अजून थांबनं बरं नाही," मौलाना हळूच म्हणाले. निजामुद्दीननी मान खाली घातली आणि जनाजा उचलला गेला.

चारला तौकीर धावत आत आला. खाट रिकामी होती.

"भाई, अडीचची येळ होती," बहीण उमेरा रडत म्हणाली. "तीनपर्यंत थांबलो आमी."

तौकीरनं माझ्याकडे पाहिलं. "अडीचच तं झाले, उमेरा. पाह्य ना! मी टायमावर आलो."

माझ्यावर खरंच अडीच वाजले होते. त्या क्षणी भिंतीवरून खाली पडून फुटावं असं मला वाटलं.

तो तसाच कब्रस्तानाकडे पळाला. तिथं लोक माती देऊन परत निघाले होते.

मित्रांनो, घरातलं माणूस एकट्यानं जे सांभाळत असतं, ते त्याच्या हयातीतच जवळ बसून विचारून घ्या. आमच्या घरात त्या दीड तासाबद्दल लतीफाबाईंना कुणी कधी विचारलं नाही. म्हणून तौकीरला आईचं तोंड पाहायला मिळालं नाही.